‘दुर्मीळ’ या शब्दाची चिकित्सा : डॉ. नोशिर वाडिया यांच्या मल्टिपल स्क्लेरोसिसविषयक संशोधनाची समीक्षा

सारांश :

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा दीर्घकालीन आजार भारतात दुर्मीळ आहे, असे विसाव्या शतकात दीर्घकाळ मानले गेले. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया (१९२५-२०१६) यांनी सहकाऱ्यांसह १९७५ ते १९९० या काळात केलेल्या संशोधनामुळे या समजुतीचा फेरविचार करणे भाग पडले. प्रस्तुत शोधनिबंधात डॉ. वाडिया यांची संशोधनदृष्टी, त्यांच्या निबंधांची मांडणी, त्यांनी काढलेल्या निष्कर्षांचे सामर्थ्य व मर्यादा यांची चर्चा केली आहे. ‘दुर्मीळ’ हे विशेषण आजाराचे वर्णन करते तितकेच ते पाहणाऱ्याच्या साधनांचे आणि मोजणीच्या सोयीचेही वर्णन करते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन असून मराठवाड्याच्या संदर्भात त्याचा अर्थ काय होतो, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : नोशिर वाडिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पारशी समाज, रोगगणना, दिव्यांगत्व, मराठवाडा.

१. प्रस्तावना :

वैद्यकीय संशोधनाची दखल आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे घेतली जाते. एक, संशोधकाचा गौरव करणारे चरित्रलेख लिहिले जातात. दोन, त्याच्या शोधाची बातमी होते. संशोधकाने प्रत्यक्ष काय लिहिले, कोणत्या पुराव्यावर लिहिले, कोणता दावा केला आणि कोणता टाळला, याची चिकित्सा मात्र त्या शास्त्राच्या वर्तुळातच राहते. वस्तुतः शोधनिबंध हाही गद्यलेखनाचा एक प्रकार आहे. त्याला शीर्षक असते, युक्तिवाद असतो, त्यातील शब्दांना परिणाम असतात. म्हणून कविता-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो, त्यांपैकी काही प्रश्न शोधनिबंधालाही विचारता येतात, अशी प्रस्तुत लेखनामागील भूमिका आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, डोळ्यांच्या नसा व मज्जारज्जू यांतील चेतातंतूंवर हल्ला करते. विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते तसे या तंतूंवर मायलिन नावाचे वेष्टन असते. ते जागोजागी झिजले की संदेशांचे वहन बिघडते. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागणे, हातापायांना मुंग्या येणे, चालताना झोक जाणे, पायातील शक्ती कमी होणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे, विलक्षण थकवा येणे ही त्याची काही लक्षणे होत. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार जगात सुमारे २८ लाख लोक या आजारासह जगत होते.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथे या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तो थंड हवामानातील गोऱ्या लोकांचा आजार समजला गेला. अमेरिकन संशोधक जॉन कुर्ट्झके यांनी जगाची विभागणी उच्च, मध्यम व अल्प प्रमाणाच्या पट्ट्यांत केली. लाखामागे ३० किंवा अधिक रुग्ण असलेला प्रदेश उच्च आणि पाचपेक्षा कमी रुग्ण असलेला प्रदेश अल्प प्रमाणाचा, अशी ही ढोबळ विभागणी होती. भारत अर्थातच अल्प प्रमाणाच्या पट्ट्यात गणला गेला. या पार्श्वभूमीवर डॉ. वाडिया यांचे लेखन वाचावे लागते.

२. डॉ. वाडिया यांची कारकीर्द :

नोशिर वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये झाले. पुढे इंग्लंडमध्ये न्यूरॉलॉजी अर्थात मज्जासंस्थेच्या विकारांचे प्रशिक्षण घेऊन १९५० च्या दशकात ते मुंबईस परतले. ग्रँट मेडिकल कॉलेज व सर जे. जे. रुग्णालय येथे त्यांनी न्यूरॉलॉजी विभागाची उभारणी केली. नंतर जसलोक रुग्णालयातील न्यूरॉलॉजी विभागाचे त्यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले. २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

ही तपशिलांची यादी कोणत्याही यशस्वी डॉक्टरच्या परिचयात शोभेल. तिच्यातील एक गोष्ट मात्र समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जे. जे. हे शासकीय रुग्णालय आहे. तेथे मुंबईतील गिरणी कामगारांपासून राज्याच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या शेतमजुरापर्यंत सर्व थरांतील रुग्ण येत आले आहेत. इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या तरुण डॉक्टरने या रुग्णांत इंग्रजी पाठ्यपुस्तकातील आजार शोधावेत, की समोरच्या रुग्णांकडे पाहून पाठ्यपुस्तकात भर घालावी, हा त्या पिढीपुढील खरा प्रश्न होता. डॉ. वाडिया यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. भारतातील रुग्ण केंद्रस्थानी ठेवून मज्जाविकारांची मांडणी करणारा एक बृहद् ग्रंथ त्यांनी संपादित केला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी शीर्षकातच ‘भारतीय दृष्टिकोन’ हे शब्द आहेत. पन्नास वर्षांच्या कामाचा तो आशय म्हणता येईल.

३. निरीक्षणाची रीत :

मल्टिपल स्क्लेरोसिसकडे वळण्यापूर्वी त्यांच्या इतर तीन कामांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण त्यांतून त्यांची रीत स्पष्ट होते.

पहिले काम मानेच्या वरच्या दोन मणक्यांच्या जन्मजात सरकण्यामुळे मज्जारज्जूवर येणाऱ्या दाबाविषयीचे आहे. १९६७ साली ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या शीर्षकातच २८ रुग्णांचा अभ्यास असे नमूद केले आहे.

दुसरे काम १९७१ चे असून ते त्याच नियतकालिकात आर. के. स्वामी यांच्यासह प्रसिद्ध झाले. चालताना तोल जाणे हे लक्षण असलेल्या काही रुग्णांत डोळ्यांची हालचाल अतिशय संथ असते, असे त्यांनी नोंदविले. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर झटकन जाते. या रुग्णांची नजर जणू ओढत न्यावी लागते. हा आनुवंशिक आजाराचा एक स्वतंत्र प्रकार आहे, असे त्यांनी नऊ कुटुंबांच्या आधारे मांडले. शीर्षकात कंसात ‘नऊ कुटुंबे’ असे शब्द आहेत. १९९६ मध्ये या गटातील आजाराचे जनुक सापडले. केवळ बारकाईने पाहून केलेली विभागणी पंचवीस वर्षांनी प्रयोगशाळेत सिद्ध झाली.

तिसरे काम ‘डोळे येणे’ या सर्वपरिचित साथीशी संबंधित आहे. १९६९ मध्ये घानामध्ये उद्भवलेली नव्या प्रकारच्या नेत्रदाहाची साथ १९७१ मध्ये मुंबईत पोहोचली. डोळे येऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी काही रुग्णांच्या पायांतील शक्ती गेल्याचे डॉ. वाडिया, पी. एफ. इराणी व एस. एम. कतरक यांच्या लक्षात आले. डोळे येणे आणि पाय लुळे पडणे या दोन घटनांचा संबंध सहजी कोणी जोडला नसता. डोळ्यांची तक्रार एका डॉक्टरकडे जाते, पायाची दुसऱ्याकडे. १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने हा संबंध जगापुढे आणला.

या तीनही कामांत दोन गोष्टी समान आहेत. रुग्णाला त्याचा वृत्तान्त सुरुवातीपासून सांगू देणे ही पहिली, आणि आपण किती जण पाहिले हे स्पष्ट सांगणे ही दुसरी. शीर्षकात संख्या देणे ही लहान बाब वाटेल. तथापि ‘२८ रुग्ण’ किंवा ‘नऊ कुटुंबे’ असे आरंभीच सांगणारा लेखक वाचकाच्या हाती आपला दावा तपासण्याचे माप देतो. आपल्याकडील संशोधनात ‘अनेक’, ‘बहुसंख्य’, ‘फारच थोडे’ अशा शब्दांवर जेवढे भागते, त्याच्या तुलनेत ही शिस्त उठून दिसते.

४. १९७५ चा निबंध : आजार आहे, हे सांगणे :

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बाबतीत ही रीत कसोटीला लागली. संथ नजर हे दिसणारे चिन्ह आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसला असे एकच चिन्ह नाही. या आजाराचे निदान मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या काळी झालेल्या आघातांची साखळी जुळवून करावे लागते. विसाव्या वर्षी महिनाभर अंधुक झालेला डोळा आणि चोविसाव्या वर्षी जड पडलेला पाय हे एकाच कथानकातील दोन प्रसंग आहेत, हे ओळखणे म्हणजे निदान. एमआरआय उपलब्ध नसलेल्या काळात तर रुग्णाने सांगितलेली हकिकत आणि डॉक्टरने केलेली तपासणी हाच मुख्य आधार होता.

१९७५ साली भीमसेन सिंघल व नोशिर वाडिया यांनी मुंबई परिसरातील मल्टिपल स्क्लेरोसिसचे स्वरूप मांडणारा निबंध मज्जाविज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. काटेकोर वैद्यकीय परीक्षणाच्या आधारे हे स्वरूप मांडले आहे, असे त्याच्या उपशीर्षकात म्हटले आहे. या उपशीर्षकात एक बचाव दडलेला आहे. भारतीय डॉक्टर ज्याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात तो खरोखर तोच आजार आहे का, क्षयरोग, उपदंश किंवा जीवनसत्त्वांच्या अभावामुळे होणाऱ्या मज्जाविकारांची त्यात गल्लत झाली नाही ना, ही शंका पाश्चात्त्य वाचकाच्या मनात असणे स्वाभाविक होते. लेखकांनी या शंकेला उपशीर्षकातच उत्तर दिले. त्यांचा दावा माफक आहे. आजार येथे आहे आणि त्याचे स्वरूप असे आहे, एवढेच ते सांगतात.

पुढे १९८५ मध्ये डॉ. सिंघल यांनी पश्चिम भारतातील प्रमाण लाखामागे सुमारे १.३३ असल्याचा अंदाज मांडला. त्याच वर्षी मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. १.३३ हा आकडा पुढील कित्येक वर्षे संदर्भ म्हणून वापरला गेला. येथे एक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. हा आकडा रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या रुग्णांवरून काढलेला अंदाज होता. अंश रुग्णालयाच्या नोंदवहीतून घेतला आणि छेद जनगणनेतून घेतला, तर जो रुग्णालयात पोहोचलाच नाही तो निरोगी ठरतो. मूळ लेखकांना ही मर्यादा ठाऊक होती. उद्धृत करणाऱ्यांच्या लेखनात मात्र ‘अंदाज’ हा शब्द गळत गेला आणि ‘भारतात हा आजार दुर्मीळ आहे’ एवढेच वाक्य उरले.

५. १९९० चा निबंध : पारशी समाजाची साक्ष :

१९८८ मध्ये नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण किती आहे, याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९० मध्ये डॉ. वाडिया व के. भाटिया यांचा निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात आला. दोन्हींतून समोर आलेले प्रमाण लाखामागे वीसपेक्षा अधिक होते. म्हणजे सर्वसाधारण भारतीय अंदाजाच्या पंधरापटींहून अधिक. कुर्ट्झके यांच्या विभागणीत हा समाज एकट्याने मध्यम प्रमाणाच्या पट्ट्यात जाऊन बसला.

१९९० च्या निबंधाचे शीर्षक मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ‘भारतातील झोरास्ट्रियन अर्थात पारशी लोकांत मल्टिपल स्क्लेरोसिस प्रचलित आहे’ असे ते संपूर्ण विधान आहे. १९७५ च्या शीर्षकात ‘स्वरूप’ हा सावध शब्द होता. पंधरा वर्षांनंतरच्या शीर्षकात क्रियापद आले आहे आणि ते वर्तमानकाळी आहे. लेखकाचा आत्मविश्वास वाढल्याची ही खूण आहे आणि तो वाढण्यास कारणही होते. यावेळी छेद हाती होता.

पारशी समाज संख्येने लहान. २००१ च्या जनगणनेत त्यांची संख्या ६९,६०१ होती आणि २०११ मध्ये ती ५७,२६४ पर्यंत घटली. त्यातील बहुसंख्य मुंबईत राहणारे, त्यातही अनेक जण पारशी वसाहतींत व बागांत एकत्र राहणारे. शिक्षणाचे प्रमाण उच्च, डॉक्टरकडे जाण्याची सवय जुनी, समाजाच्या स्वतःच्या संस्था व रुग्णालय सुस्थितीत. अशा समाजात कोण आजारी आहे हे कळते आणि एकूण किती जण आहेत हेही कळते. डॉ. वाडिया स्वतः त्याच समाजातील असल्याने त्यांच्यासाठी ही दारे उघडी होती, हेही नाकारता येत नाही.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. एकाच शहरात, एकाच उन्हात आणि एकाच पाण्यावर राहणाऱ्या दोन समाजांत प्रमाणाचा एवढा फरक आढळल्यामुळे ‘उष्ण प्रदेशात हा आजार होत नाही’ हे सूत्र अपुरे ठरले. सुमारे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराणमधून आलेल्या आणि विवाहसंबंध समाजांतर्गतच ठेवणाऱ्या या लोकांत आनुवंशिकतेचा वाटा असावा, असा विचार पुढे आला. डॉ. वाडिया यांनी १९८० मध्येच भारतीय रुग्णांतील एचएलए घटकांचा, म्हणजे प्रतिकारशक्तीशी निगडित आनुवंशिक खुणांचा, अभ्यास सहकाऱ्यांसह सुरू केला होता. पारशांविषयीचे काम त्या दिशेने पुढे पडलेले पाऊल होय.

६. मर्यादा आणि आक्षेप :

तथापि या निष्कर्षाचे वाचन सावधपणे करावे लागते. त्याविषयी तीन आक्षेप नोंदविता येतील.

पहिला आक्षेप कारणमीमांसेचा आहे. पारशी व अन्य मुंबईकर यांच्यात केवळ रक्ताचा फरक नाही. राहणीमान, आहार, घरातील माणसांची संख्या, बालपणी होणारे संसर्ग या सर्वच बाबी भिन्न होत्या. योगायोग असा की, १९९० मध्येच इलियन, नाइटिंगेल व डीन यांनी ब्रिटनमध्ये जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांत या आजाराचे प्रमाण तेथील सर्वसाधारण लोकांच्या जवळ जाणारे आढळले. रक्त तेच, भूमी बदलली आणि प्रमाण बदलले. मुंबईचा निबंध वंशाकडे बोट दाखवितो, तर लंडनचा निबंध परिसराकडे. दोन्ही एकाच वर्षीचे आहेत आणि एकत्र वाचले तरच त्यांचा अर्थ पुरता लागतो. २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यदलातील एक कोटी व्यक्तींच्या नोंदींवर आधारित अभ्यासाने एपस्टीन-बार या विषाणूच्या संसर्गानंतर आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, असे दाखविले. आनुवंशिक अनुकूलता आणि परिसरातील निमित्त यांच्या संयोगातून आजार उद्भवतो, ही आजची समजूत या दोन प्रवाहांच्या भेटीतून आलेली आहे.

दुसरा आक्षेप निदानाचा आहे. १९७० च्या दशकातील भारतीय व अन्य आशियाई अहवालांत डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांची तीव्र बाधा झालेले रुग्ण ठळकपणे दिसतात. २००४ मध्ये न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजाराची रक्तातील खूण सापडली आणि तो मल्टिपल स्क्लेरोसिसहून वेगळा असल्याचे सिद्ध झाले. त्यामुळे जुन्या नोंदींतील काही रुग्ण या दुसऱ्या आजाराचे असू शकतात. हा १९७५ च्या लेखकांचा दोष ठरत नाही, कारण त्या काळी ही कसोटीच उपलब्ध नव्हती. मात्र आज तो निबंध उद्धृत करताना ही बाब नमूद करणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. भेद केवळ नावापुरता नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला अपाय करू शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो निबंधाच्या परिणामाविषयी आहे. पारशांत प्रमाण अधिक आहे, या विधानाचे लोकांच्या मनात ‘हा पारशांचा आजार आहे’ असे रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. जो समाज मोजता आला त्याच्यात आजार सापडला, जो मोजता आला नाही त्याच्यात तो नाही असे गृहीत धरले गेले. दोन समाजांतील फरकाचा काही भाग खरा असेल, काही भाग मोजणीच्या फरकामुळे असेल. तो किती, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या समाजाचीही तितक्याच काळजीने मोजणी व्हायला हवी. अशी मोजणी डॉ. लेखा पंडित व त्यांच्या सहकाऱ्याने मंगळूर शहरात केली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ८ आढळले. दक्षिण भारतातील एका सर्वसामान्य शहरातील हा आकडा जुन्या अंदाजाच्या सहापट आहे. मंगळूरमध्ये आजार अचानक वाढला असे समजण्यापेक्षा, एमआरआयच्या काळात आणि पद्धतशीर शोध घेतल्यामुळे तो दिसू लागला असे समजणे अधिक सयुक्तिक आहे.

७. मराठवाड्याच्या संदर्भात :

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी राहून अध्यापन करणाऱ्यांनी या चर्चेत का पडावे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. ज्या भागात रक्तक्षय, क्षयरोग आणि सर्पदंश हे रोजचे प्रश्न आहेत, तेथे लाखात मोजक्या लोकांना होणाऱ्या आजाराची गणना ही चैन आहे, असा युक्तिवाद कोणी केला तर तो उडवून लावण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ६१ हजार होती. १९८५ च्या अंदाजाचे प्रमाण लावले तर जिल्ह्यात सुमारे ४५ रुग्ण असावेत. मंगळूरचे प्रमाण लावले तर ही संख्या सुमारे २७० होते. यांपैकी कोणताही आकडा नांदेडचा म्हणून सांगता येणार नाही. दोन आकड्यांतील अंतर मात्र सांगता येते. ते सव्वादोनशे माणसांचे आहे. ‘दुर्मीळ’ हा शब्द न तपासता स्वीकारण्याची किंमत एवढी असू शकते.

ही माणसे बहुतांशी तरुण आणि त्यातही बहुधा स्त्रिया असणार. म्हणजे ज्या वयोगटाला आपण वर्गात शिकवतो, त्याच वयोगटातील. अशा मुलीची पहिली तक्रार अंधुक दिसण्याची असेल तर चष्म्याचा नंबर तपासला जातो. काही आठवड्यांत नजर आपोआप सुधारते आणि विषय संपतो. दोन वर्षांनी पाय जड पडला तर अंगावरून वारे गेले असे समजून उपाय होतात. थकवा हे तर आळसाचे लक्षण मानले जाते. दरम्यान विवाह होऊन गाव बदलते, जुने कागद माहेरी राहतात. हदगावहून नांदेड, नांदेडहून हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई असा प्रवास घडलाच तर प्रत्येक ठिकाणी हकिकत नव्याने सुरू होते. ज्या आजाराचे निदानच प्रसंगांची साखळी जुळविण्यावर अवलंबून आहे, त्याची साखळी अशा रीतीने तुटत राहते.

उशिराचे परिणाम गंभीर आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन या औषधाला मान्यता मिळाल्यापासून आजाराचे पुन्हा पुन्हा येणारे झटके कमी करणारी अनेक औषधे उपलब्ध झाली आहेत. ती लवकर सुरू केली तर कायमचे अपंगत्व लांबविता येते. झालेली हानी भरून काढण्याची शक्ती मात्र त्यांच्यात फारशी नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. संसदेने मान्य केलेला हा हक्क मिळविण्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्रासाठी निदान लागते. ज्याचे निदान झाले नाही त्याच्यासाठी तो हक्क कागदावरच राहतो. परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक, तळमजल्यावरील वर्ग या सवलती देण्याची वेळ आली तर आपल्या महाविद्यालयांपुढेही हाच प्रश्न उभा राहील. आज ठीक चालणारा विद्यार्थी पुढच्या महिन्यात काठी घेऊन येऊ शकतो आणि त्यानंतर पुन्हा काठीविना चालू शकतो, ही या आजाराची रीत ठाऊक नसेल तर त्याच्यावर ढोंगाचा आरोप होण्याची शक्यता मोठी आहे.

यावर उपाय म्हणून नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची शासकीय वैद्यकीय संस्था आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये यांनी एकत्र येऊन एखाद्या तालुक्यापुरती तरी घरोघर पाहणी हाती घेण्याचा विचार करावा. निदान वैद्यकीय तज्ज्ञांनीच करायचे आहे. परंतु लक्षणे येथील बोलीत विचारणारी प्रश्नावली तयार करणे हे भाषेच्या विभागांचे काम होऊ शकते, पाहणीचा आराखडा समाजशास्त्र व संख्याशास्त्र विभागांना करता येईल आणि प्रत्यक्ष भेटी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना देता येतील. ‘झोक जातो’, ‘पाय उचलत नाही’, ‘डोळ्यापुढे पडदा आला’ या शब्दांमागे नेमके काय आहे, हे येथील माणसांनाच अधिक चांगले कळते. बहुविद्याशाखीय संशोधन हा शब्द आपण नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापतो. त्याला साजेसे हे काम आहे.

८. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) डॉ. नोशिर वाडिया यांच्या संशोधनाचे बळ रुग्णाची हकिकत, प्रत्यक्ष तपासणी आणि स्पष्ट संख्या या तीन गोष्टींत आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसविषयक लेखन हे त्यांच्या या रीतीचा स्वाभाविक विस्तार आहे.

२) १९७५ च्या निबंधाने भारतातील आजाराचे अस्तित्व व स्वरूप काटेकोरपणे नोंदविले. १९९० च्या निबंधाने हवामानावर आधारलेल्या स्पष्टीकरणाला भारतीय पुराव्याच्या आधारे आव्हान दिले.

३) पारशी समाजातील निष्कर्ष आनुवंशिकतेचा वाटा सुचवितो. तो एकट्याने सिद्ध करीत नाही. स्थलांतरितांच्या अभ्यासांसह वाचल्यासच त्याचे योग्य मूल्यमापन होते.

४) पारशी समाज सुसंघटित व मोजता येण्याजोगा होता म्हणून हे संशोधन शक्य झाले. इतर समाजांतील अल्प प्रमाण हा काही अंशी अपुऱ्या मोजणीचा परिणाम आहे, असे मंगळूरच्या पाहणीवरून म्हणता येते.

५) मराठवाड्यासारख्या प्रदेशात ‘दुर्मीळ’ या शब्दाचा परिणाम निदानातील विलंब आणि कायदेशीर हक्कांपासून वंचित राहणे असा होऊ शकतो. त्यामुळे स्थानिक पाहणीची गरज आहे.

डॉ. वाडिया यांचा गौरव त्यांच्या हयातीत पुरेसा झाला. आता गरज आहे ती त्यांच्या रीतीचा उपयोग त्यांचे संशोधन जेथपर्यंत पोहोचले नाही तेथे करण्याची. आपण किती जण पाहिले हे शीर्षकातच सांगणाऱ्या या संशोधकाच्या मापाने पाहिले, तर हदगाव तालुक्यापुरते आपले उत्तर आज शून्य आहे. हे शून्य रुग्णांचे समजता येणार नाही, ते पाहणीचे आहे आणि ते बदलणे आपल्या आवाक्यात आहे.